बटणचं मशीन आणि अक्काच्या बरण्या

वडील टकल्यालाही कंगवा विकतील अशा जिभेचे होते, आणि त्यांच्या पोटी बटण जन्माला आला. ही गोष्ट बटण स्वतःच सांगतो. कोणी विचारलेलं नसलं तरी सांगतो, आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतःच हसून घेतो.

वडिलांचं कोपऱ्यावर किराणा दुकान होतं. शाळा सुटली की बटण गल्ल्यावर बसायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "तांदूळ चांगला आहे का रे?" बटण म्हणायचा, "चांगला आहे, पण मागच्या पोत्यातला जास्त चांगला होता." कोणी साबण मागितला तर हा विचारायचा, "घरातला नक्की संपलाय का? एकदा बघून या." गिऱ्हाईक बघायला घरी जायचं आणि परत यायचं नाही. खोटं बोलू नये हे शाळेत सगळ्यांनाच शिकवतात, पण गल्ल्यावर बसून ते इतकं मनावर घेणारा तो एकटाच निघाला. शेवटी वडिलांनी हात जोडले आणि त्याला मागच्या खोलीत पोत्यांजवळ बसवलं. तिथे बसून तो वजनकाटा खोलायला शिकला, पंखा शिकला, आणि दिसेल ते बटण दाबून बघायची खोड लागल्यामुळे त्याचं नावही बटण पडलं. बारशाचं नाव आता फक्त विजेच्या बिलावर येतं.

पुढे त्याला वस्तू विकणाऱ्या मशीनच्या कंपनीत नोकरी लागली. पैसे टाका, बटण दाबा, वेफर्सचं पाकीट खाली पडतं, ती मशीनं. बटणने पिशवी घेऊन फिरायचं, मशीनचं पोट उघडायचं, माल भरायचा, अडकलेलं नाणं काढायचं. त्याला ही नोकरी फार आवडली. मशीनला कोणी विचारत नाही, 'चांगलं आहे का?' आणि मशीनही स्वतःहून काही सांगायला जात नाही. आपल्यात जे कमी होतं ते लोखंडात ओतून कोणीतरी आधीच तयार ठेवलंय, असं त्याला वाटायचं.

आता डोक्यात किडा कसा शिरला ते ऐका. त्याच्या गल्लीत कोंबडीमावशी राहते. तिची अंडी रोज पहाटे टेम्पोतून मोठ्या शहरात जायची. गल्लीच्या टोकाला इस्पितळ आहे, आणि इस्पितळासमोरच्या मोठ्या दुकानात अंडी मिळतात. एकदा बटणने त्या दुकानातल्या ट्रेवरचा खडूचा निळा ठिपका ओळखला. तो मावशीच्या हातचा होता. म्हणजे अंडी शहरात जाऊन, शिकून-सवरून, भाव वाढवून पुन्हा त्याच गल्लीत नोकरीला येत होती. बटणला ते सहन झालं नाही. पिकवणारा इथे, खाणारा इथे, आणि मधे अख्खं शहर कशाला, असं तो महिनाभर दिसेल त्याला विचारत राहिला.

त्याच सुमारास कंपनीने एक जुनं मशीन भंगारात काढलं. त्याला काचेची छोटी छोटी दारं होती, आत गारवा होता, आणि नंबर दाबून पैसे भरले की एकच दार खट्कन उघडायचं. बटणने ते उचलून घरी आणलं आणि ओसरीत ठेवून खोललं.

"ओसरीत कशाला?" बायको म्हणाली. "आत आणा ना. पाहुण्यांना बसायला जागा लागतेच असं कुठे आहे?"

बायकोचं बोलणं हे असं असतं. पण मशीन सुरू झालं तेव्हा पुसायचं फडकं घेऊन तीच आधी पुढे झाली, हेही सांगायला हवं.

मशीन इस्पितळाच्या मागच्या दाराशी उभं राहिलं. तिथून कामाची पाळी संपवून माणसं बाहेर पडतात. एक ओळ मावशीच्या अंड्यांची. एक ओळ मास्तरांच्या मशरूमची. मास्तर निवृत्त झाले, मुलगा परगावी गेला, आणि त्याच्या खोलीत पेंढ्याच्या पिशव्या टांगून ते मशरूम उगवायला लागले. एक ओळ बायकोच्या संत्र्याच्या जॅमची. आणि मधली, हाताशी येणारी ओळ अक्काच्या दह्याची.

अक्का म्हणजे बटणची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. गावाबाहेर तिचं घर आहे, दोन गायी आहेत, आणि दोन गुडघे आहेत जे तिच्याच शब्दांत "फक्त दाखवायला" आहेत. इतकी वर्षं ती दूध डेअरीच्या गाडीला घालायची. सगळ्यांचं दूध एका टाकीत पडलं की आपलं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं, याचा तिला राग यायचा. बटण म्हणाला, "अक्का, दही लाव. बरणीत भर. बरणीवर तुझं नाव घालू." तिने गाडी बंद केली आणि काचेच्या बरण्या आणल्या. बटणने प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवली: 'अक्काचं दही. बरणी परत करावी.'

उद्घाटनाला बटणने भाषण केलं. आयुष्यात पहिल्यांदा चार माणसं त्याच्याकडे तोंड करून उभी होती, त्यामुळे तो जरा वाहवत गेला. कंपनीत एक नियम होता: जो माल हलत नाही तो काढून टाकायचा. वेफर्सचा तो नियम त्याने उचलला आणि जसाच्या तसा माणसांना लावला.

"ज्याची ओळ आठवडाभर हलणार नाही," तो साहेबासारखा मान तिरकी करून म्हणाला, "त्याने ओळ सोडायची. मग ती आपली असो की परक्याची."

'आपली' म्हणताना त्याने बायकोकडे बघितलं होतं. हे त्याला नंतर फार महागात पडलं.

पहिल्या आठवड्यात मशीनसमोर माणसं थांबली, काचेत केस नीट केले आणि पुढे गेली. दुसऱ्या आठवड्यात मात्र चमत्कार झाला. सगळ्या ओळी रिकाम्या व्हायला लागल्या. अंडी संपली, मशरूम संपले, जॅम संपला, दही संपलं. बटण भरायचा आणि बघता बघता मशीन धुतल्यासारखं मोकळं व्हायचं.

झालं. बटण हवेत गेला. मशीन त्याच्या मोबाईलवर कळवायचं की कुठलं दार कधी उघडलं, आणि त्यावरून तो आलेख काढायला लागला. आलेख हा शब्दही त्याने तेव्हाच वापरायला घेतला. अंडी नेहमी भल्या पहाटे जातात, म्हणजे रात्रपाळीच्या नर्सना अशक्तपणा येत असणार. मशरूम सोमवारी जातात, म्हणजे सोमवारी डॉक्टरांची बैठक असणार आणि डोक्याला ताण पडत असणार. जॅम दुपारी जेवणानंतर जातो, म्हणजे रुग्णांच्या नातेवाइकांना गोड खावंसं वाटत असणार. दह्याला तेवढी काही शिस्त नव्हती. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी एक, कधी तीन. "दह्याचा अभ्यास होत नाही," तो म्हणायचा. "दही बेभरवशाचं आहे. पण संपतं." गल्लीतला न्हावी त्याची दाढी करताना हे सगळं ऐकायचा. गळ्याशी वस्तरा असतानाही बटण बोलायचा थांबत नव्हता, यावरून काय ते समजा.

याच तोऱ्यात तो अक्काकडे गेला.

"अक्का, अजून दोन गायी घे," तो म्हणाला. "मी दुसरं मशीन बघतोय."

अक्काने गुडघ्यावर हात ठेवला. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती, त्यासाठी पैसे बाजूला काढले होते. "मग हे?" तिने विचारलं.

"ते काय, पुढच्या वर्षी. गिऱ्हाईक एकदा तुटलं की परत येत नाही." गिऱ्हाईक तोडण्यात ज्याचं लहानपण गेलं, तो हे बोलत होता.

अक्काने गुडघ्यावरचा हात काढला. "लोकांना आवडतंय ना रे माझं दही?"

"आलेख बघ," बटण म्हणाला आणि मोबाईल तिच्या नाकासमोर धरला. तिला त्यात रेघा दिसल्या. तिने मान हलवली आणि ऑपरेशन पुढे ढकललं. रविवारी गायवाला दोन गायी घेऊन येणार असं ठरलं. "बरण्या तेवढ्या परत येत नाहीत," ती निघताना म्हणाली, पण बटण तेव्हा दुसऱ्या मशीनला रंग कुठला द्यावा याचा विचार करत होता.

शनिवारी मास्तरांचा निरोप आला की पाठ धरली आहे, मशरूम घरूनच घेऊन जा. बटण गेला. मास्तर झोपले होते. मास्तरीणबाईंनी त्याला बसवलं आणि बशी पुढे ठेवली. बशीत मशरूम. "घ्या ना," त्या म्हणाल्या. "अजून घ्या. डबा देऊ का? घरी न्या. शेजारी कोणी असतील तर त्यांनाही द्या." त्यांच्या आवाजात इतका कळवळा होता की बटणला शंका आली. पाणी घ्यायच्या निमित्ताने तो स्वयंपाकघरात गेला. फ्रीजचं दार उघडंच होतं, कारण ते लागत नव्हतं. आत मशरूमच्या डब्यांची चळत होती, आणि प्रत्येक डब्यावर बटणने स्वतःच्या हाताने चिकटवलेली चिठ्ठी होती.

"सोमवारी पाठ शेकायला इस्पितळात जातात ना," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "तेव्हा येताना मशीनमधून घेऊन येतात. म्हणतात, मास्तर नापास झाला असं गावाने म्हणायला नको. तुम्ही ओळ काढून घेणार होतात म्हणे."

डॉक्टरांची बैठक आणि डोक्यावरचा ताण, सगळं त्या फ्रीजमध्ये होतं.

बटण तिथून तडक कोंबडीमावशीकडे गेला. मावशीचा कुत्रा दारात बसला होता. त्याच्या अंगावर इतकी चकाकी आली होती की बटणला काही विचारायची गरजच उरली नाही. तरी त्याने विचारलं. मावशी म्हणाली, "पहाटे पाय मोकळे करायला जाते, तेव्हा दाबते दोन-चार बटणं. तुझं तोंड पडलेलं बघवत नव्हतं रे. आणि ओळ गेली असती तर मी त्या टेम्पोवाल्याकडे कुठल्या तोंडाने परत जाणार होते?"

घरी येऊन बटणने सरळ पांघरुणांची पेटी ओढली; बायको काही लपवते ते तिच्यामागेच. मागे जॅमच्या बाटल्या होत्या. एका रांगेत, झाकणं घट्ट.

बायको दारात उभी राहिली. "जगासमोर नवऱ्याने बायकोला मशीनमधून हाकललं असतं," ती म्हणाली. "तेव्हा मी कुठे तोंड दाखवणार होते?" मग म्हणाली, "आणि तुम्ही आरशासमोर भाषणाची तयारी करत होता. इतकी वर्षं तुम्हाला असं खूश बघितलं नव्हतं. मला खरं सांगवलं नाही."

बटण पेटीवर बसला. आपल्या मशीनने पिकवणारा आणि खाणारा जोडला होता यात शंका नाही; फक्त ती दोन्ही एकच माणसं होती. हा विनोद पुढे तो वर्षभर सांगणार होता, पण त्या संध्याकाळी त्याला हसू आलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर अक्काचे गुडघे होते.

रविवारी सकाळी तो पोचला तेव्हा गायवाला अंगणात उभा होता आणि दोन्ही गायी कुंपणाची वेल खात होत्या. अक्का पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद बटणने फारा दिवसांत बघितला नव्हता, आणि आता तो घालवायचं काम त्याच्याकडेच होतं.

सुदैवाने हे एकच काम त्याला जन्मापासून येत होतं. तो सांगायला लागला. मशरूम, अंडी, कुत्रा, जॅम, सगळं सांगितलं. नियम आपण केला, मूर्खपणा आपला, आलेख म्हणजे आपल्याच माणसांच्या फिरायला जायच्या वेळा, हेही सांगितलं. दही तरी कोण घेतं ते आपल्याला माहीत नाही, चव बघायच्या नावाखाली रोजची एक बरणी आपणच घेतो, हेसुद्धा सांगितलं. गायवाल्याने दावी सोडवली. वेलीसकट गायी रस्त्याला लागल्या.

"बाबा म्हणायचे ते खरं," अक्का म्हणाली. "तुझ्यासमोर गिऱ्हाईक टिकत नाही."

बटण हसला. अक्का हसली नाही. तिने विचारलं, "म्हणजे माझं दही कोणी खातच नाही?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, खातात गं, असं काय करतेस. बटणलाही तेच म्हणावंसं वाटत होतं. पण खोटं त्याच्या तोंडून निघेना.

"माहीत नाही, अक्का," तो म्हणाला.

ती उठली, भिंतीला धरत धरत आत गेली आणि कपाटातल्या उरलेल्या रिकाम्या बरण्या खालच्या फळीवर मागे सारून ठेवल्या. गायी गेल्याचं तिला काही वाटलं नव्हतं. दही कोणी खात नसेल हे तिला लागलं, आणि बटणला ते कळलं. परत येताना तो सगळी वाट स्वतःला शिव्या देत आला. त्यातल्या काही खूप चांगल्या होत्या, पण सांगण्यासारख्या नाहीत.

त्याने नियम काढून टाकला. मास्तरांना सांगितलं की आठवड्यात दोनच डबे द्या आणि फ्रीजला श्वास घेऊ द्या. मावशीला सांगितलं की कुत्र्याला पथ्यावर ठेवा. बायकोला काही सांगायची हिंमत झाली नाही. तो रोज पावाला जॅम लावून मुकाट्याने खात राहिला. अक्काच्या ऑपरेशनची तारीख पुन्हा घेतली, आणि तिच्या दोन गायी सांभाळायला तो स्वतः गेला. कंपनीने दिलेल्या रजेत त्याने गायींच्या लाथा खाल्ल्या. गाय म्हणजे खट्कन उघडणारं मशीन नव्हे, हे पहिल्या दिवशीच कळलं.

मशीनवर दह्याच्या रिकाम्या ओळीला त्याने पाटी लावली. खोटं लिहिता येत नसल्यामुळे पाटी लांबली: 'अक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. दही काही दिवस मिळणार नाही. गायी सध्या मी सांभाळतो आहे, त्यामुळे त्या दूध कमी देत आहेत.'

ऑपरेशन त्याच इस्पितळात झालं. दोन दिवसांनी दुपारी बटण अक्काच्या खाटेशी बसला होता. अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणायची, भूक आहे का विचारलं तर नाही म्हणायची. दह्याचा विषय दोघांनीही काढला नव्हता.

एक नर्स आत आली. जाडजूड, चष्मेवाली, हातात कापडी पिशवी. खाटेवरचं नाव तिने वाचलं, मग गुडघ्याकडे बघितलं.

"पाटीवरच्या अक्का तुम्हीच का?" तिने विचारलं.

अक्काने मान वळवली.

नर्सने पिशवी खाटेवर ठेवली. आतून काचेचा आवाज आला. "या तुमच्या बरण्या. चिठ्ठीवर लिहिलंय बरणी परत करावी, पण कुठे करावी ते लिहिलेलं नाही. मशीनच्या सगळ्या दारांतून नुसतं बाहेर येतं, आत काही घालता येत नाही. आमच्या खोलीच्या कपाटात साठवत गेलो. माझ्या आहेत, झाडणाऱ्या बाईंच्या आहेत, वॉचमनच्या आहेत. बाळंतिणीच्या खोलीतल्या एक आजी होत्या, त्यांनी जाताना बजावून ठेवल्या, परत द्या म्हणून."

इतकी वर्षं मशीनं खोलून बसलेल्या माणसाला परत घ्यायचं दार सुचलं नव्हतं. बटणने स्वतःच्या कपाळावर हात मारला, पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

अक्का उशीला टेकून बसली. तिने एक बरणी काढली, आत वाकून बघितलं, वास घेतला. स्वच्छ धुतलेली होती. दुसरी काढली. तिच्या काठाला बारीक टवका उडाला होता. "ही पहिल्या खेपेतली," ती म्हणाली. तिसरी काढली आणि तशीच हातात धरून बसली. तिचे डोळे भरले होते आणि ते पुसायला दोन्ही हात मोकळे नव्हते.

"खातात रे," ती बटणला म्हणाली.

रडताना बटणचा चेहरा फार वाईट दिसतो, असं तो नंतर सांगतो, म्हणून त्याने खिडकीकडे बघितलं.

"पुन्हा कधी सुरू करणार?" नर्सने विचारलं. "सगळे मलाच विचारतात."

गिऱ्हाईक समोर उभं होतं. जित्याची खोड, दुसरं काय. "जरा आंबट असतं हं ते," बटण खिडकीकडे बघतच म्हणाला. "आणि सध्या दूध पातळ आहे, तेव्हा—"

"तू जरा गप्प बस," अक्का म्हणाली आणि पिशवीतून पुढची बरणी काढली.